परकी साहाय्य आणि घरचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं परदेशांस साहाय्य देण्याकरितां १९६१ सालीं स्थापन केलेलें आणि यूएसएड या संक्षिप्त नांवानें जगभर ओळखलें जाणारें स्वतंत्र खातें १ जुलै २०२५ रोजीं बंद झालें. त्याचें उरलेंसुरलें काम त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे सोंपविण्यांत आलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत ब्रिटिश सरकारनेंहि आपला हात आंखडता घेतला. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा ०.५ भाग तें या कामीं खर्च करीत असे. तो २०२७ पर्यंत शेंकडा ०.३ वर आणून वांचलेला पैसा लष्कराकडे वळविण्याचें त्यानें जाहीर केलें. श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्या उत्पन्नाचा शेंकडा ०.७ भाग गरीब राष्ट्रांस द्यावा असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेनें १९७० सालीं केला होता. ठरावास अर्धें शतक लोटून गेल्यावर २०२४ सालीं या राष्ट्रांनीं मिळून सुमारे २१२ अब्ज डॉलर दिले, म्हणजे उत्पन्नाच्या शेंकडा ०.३३. ठरावांतील आंकडा गांठणारीं राष्ट्रें नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क हीं चारच निघालीं. वचन देणें आणि वचन पाळणें यांतील अंतर किती असतें, हें सांगण्यास याहून निराळ्या पुराव्याची गरज नाहीं.

या घडामोडींवर दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, झालें तें बरें झालें. इतकीं वर्षें पैसा ओतूनहि गरीब देश गरीबच राहिले आणि मधले दलाल मात्र गब्बर झाले. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ही लक्षावधि रोग्यांच्या हातचें औषध हिसकावून घेण्यासारखी क्रूरता आहे. दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु साहाय्य ही एकच वस्तु आहे असें धरून चालल्यामुळें दोन्ही पक्षांची दृष्टि अर्धवट राहते. ज्या देशानें साहाय्य भरपूर घेतलें आणि जो आज स्वतः देऊंहि लागला आहे, त्या देशाच्या नागरिकांस हा प्रश्न अधिक बारकाईनें पाहतां आला पाहिजे. म्हणून आमच्या वाचकांपुढें, विशेषतः जमाखर्चाची ज्यांस रोजची संवय आहे अशा व्यापारी वर्गापुढें, आम्ही तो हिशेबाच्याच रीतीनें मांडतों.

प्रथम तत्त्व काय होतें तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धानें उध्वस्त झालेल्या पश्चिम यूरोपास १९४८ ते १९५२ या काळांत अमेरिकेनें मार्शल योजनेखालीं सुमारे १३ अब्ज डॉलर दिले, आणि तो भूभाग थोड्याच वर्षांत पुन्हां उभा राहिला. त्या यशानें सर्वांचे डोळे दिपले. १९४९ च्या जानेवारींत अध्यक्ष ट्रुमन यांनीं मागासलेल्या देशांस ज्ञान आणि यंत्रविद्या पुरविण्याचा संकल्प बोलून दाखविला. अर्थशास्त्रज्ञांनींहि त्यास आधार पुरविला. त्यांची विचारसरणी अशी कीं, गरीब देशांत मिळकत तुटपुंजी, म्हणून शिल्लक पडत नाहीं. शिल्लक नाहीं म्हणून भांडवल नाहीं. भांडवल नाहीं म्हणून मिळकत वाढत नाहीं. हें रहाटगाडगें बाहेरून एकदां जोरानें फिरविलें कीं पुढें तें आपोआप चालूं लागेल.

विचार सुबक होता. पण यूरोपांत जें शाबूत होतें तें त्यांत गृहीत धरलें होतें. तेथें कारखाने पडले होते, पण कारागीर जिवंत होते. बँका, न्यायकचेऱ्या, शाळा, नगरपालिका आणि कर गोळा करण्याची व्यवस्था हीं सर्व तेथील लोकांच्या अंगवळणीं पडलेलीं होतीं. जेथें हें सर्व अजून घडावयाचें होतें तेथें केवळ पैशानें तोच परिणाम होणें शक्य नव्हतें. पीटर बाउअर या अर्थशास्त्रज्ञानें या विचारसरणीवर असा आक्षेप घेतला कीं, ज्यास भांडवल नीट वापरतां येतें त्यास तें कर्जाऊ मिळतेंच, आणि ज्यास वापरतां येत नाहीं त्यास फुकट दिलें तरी तें वायांच जातें. हा आक्षेप धारदार आहे, तथापि पुरता खरा नाहीं. देवीचा रोग घालविण्यास कोणता सावकार कर्ज देणार होता? ज्या कामाचा नफा कोणा एकाच्या पेटींत पडत नाहीं, पण ज्यानें सर्वांचें कल्याण होतें, अशीं कामें जगांत पुष्कळ आहेत.

व्यवहारांत जें बिघडतें त्याचें मूळ आमच्या मतें हिशेबाच्या रचनेंत आहे. वाण्याच्या दुकानीं गिऱ्हाईक स्वतःचे पैसे मोजतें आणि माल स्वतः वापरतें. तांदळांत खडे निघाले तर दुसऱ्या दिवशीं तें दुकान बदलतें. नगरपालिकेचा कर भरणारा तिचें पाणी पितो. नळ कोरडा राहिला तर निवडणुकीच्या वेळीं तो त्याचा जाब विचारूं शकतो. परदेशी साहाय्यांत मात्र पैसा भरणारा एका खंडांत आणि तो ज्याच्यासाठीं खर्च होतो तो दुसऱ्या खंडांत. भरणाऱ्यास काम दिसत नाहीं, आणि ज्यास दिसतें त्यास विचारण्याचा हक्क नाहीं. या दोघांच्या मध्यें दोन सरकारें, अनेक संस्था, तज्ज्ञ, मक्तेदार आणि अहवाल लिहिणारे बसलेले असतात. यांतील प्रत्येकजण प्रामाणिक असला तरी त्याची नजर जो पगार देतो त्याच्याकडे लागलेली राहते. अशा रचनेंत काम फसलें तरी कळत नाहीं, आणि कळलें तरी सुधारण्याची निकड कोणासच भासत नाहीं.

आपल्याच देशांतील उदाहरण घ्या. अमेरिकेनें १९५४ सालीं आपलें शिलकी धान्य परदेशीं सवलतीनें देण्याचा कायदा केला. पीएल-४८० या नांवानें तो आपल्याकडे घरोघर माहीत झाला. भारताशीं पहिला करार १९५६ च्या ऑगस्टांत झाला. गव्हाची किंमत डॉलरांत न देतां रुपयांत द्यावयाची, आणि ते रुपये येथेंच अमेरिकेच्या नांवें जमा राहावयाचे, अशी सोय होती. वरवर पाहतां याहून सोयीचा सौदा नव्हता. दुष्काळांत त्या गव्हानें कोट्यवधि माणसें जगलीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु शहरांस स्वस्त धान्य बाहेरून मिळूं लागल्यानें आपल्या शेतकऱ्यास चांगला भाव देऊन पीक वाढविण्याची सरकारची निकड कमी झाली. १९६५ आणि १९६६ अशीं लागोपाठ दोन वर्षें पाऊस फसला तेव्हां या सोयीची खरी किंमत कळली. अध्यक्ष जॉन्सन यांनीं दीर्घ मुदतीचे करार बाजूस ठेवून धान्य थोडथोडें, महिन्यामहिन्याच्या हिशेबानें सोडण्यास सुरुवात केली. व्हिएतनामांतील बाँबवर्षावाविषयीं दिल्ली काय बोलते याकडेहि त्यांचें लक्ष होतें. गहूं घेऊन निघालेलीं जहाजें वेळेवर पोंचतात कीं नाहींत यावर एका मोठ्या राष्ट्राचें रोजचें जेवण लोंबकळत राहिलें. १९६६ सालीं भारतानें सुमारे एक कोटि टन धान्य बाहेरून आणलें. त्याच वर्षीं ६ जूनला, जागतिक बँक व साहाय्यक राष्ट्रें यांच्या आग्रहाखालीं, रुपयाचें मूल्य उतरविण्यांत आलें आणि जो डॉलर ४.७६ रुपयांस मिळत होता तो ७.५० रुपयांस मिळूं लागला. त्याच्या मोबदल्यांत वाढीव साहाय्याची जी आशा दाखविली गेली होती ती पुढें पुरतेपणीं फळास आली नाहीं. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्यास ओंजळीचा मालक हात केव्हां मिटील याचा भरंवसा नसतो.

पण याच कथेचा उत्तरार्ध तितकाच शिकण्यासारखा आहे. १९६६ सालीं भारतानें मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचें बियाणें आणविलें. नॉर्मन बोरलॉग यांनीं तयार केलेले हे बुटके वाण होते. अमेरिकेंतील धर्मादाय निधींच्या साहाय्यानेंच त्यांचें संशोधन झालें होतें. तें बियाणें आपल्या मातीस व हवेस जुळवून घेण्याचें काम स्वामिनाथन यांच्यासारख्या आपल्या शास्त्रज्ञांनीं केलें, चि. सुब्रह्मण्यम यांनीं विरोध सोसून शेतकऱ्यास हमीचा भाव देण्याचें धोरण पार पाडलें. आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनीं नव्या वाणावर आपलें सर्व पणास लावलें. १९६४-६५ सालीं गव्हाचें पीक सुमारे १ कोटि २३ लक्ष टन होतें, तें १९६९-७० पर्यंत २ कोटि टनांवर गेलें. पुढें या पिकानें जमिनीचें व भूजलाचें केलेलें नुकसान हा निराळा विषय आहे. प्रस्तुत मुद्दा असा कीं, गहूं आणि बियाणें हीं दोन्ही परक्यांच्याच साहाय्यानें आलीं. गहूं खाऊन संपला आणि मागें मिंधेपण राहिलें. बियाणें पेरलें आणि मागें सामर्थ्य राहिलें. अमेरिकेच्या नांवें सांठलेल्या रुपयांचा डोंगर अखेर १९७४ च्या फेब्रुवारींत निकालांत निघाला. त्यांतील १,६६४ कोटि रुपयांचा धनादेश त्या देशाच्या वकिलानें भारतास परत दिला.

देणगीचा माल बाजारांत कसा उतरवावा याचा याहूनहि उत्तम धडा दुधाच्या व्यवहारांत मिळतो. यूरोपांत १९७० च्या सुमारास दुधाची भुकटी आणि लोणी यांचे डोंगर सांठले होते, आणि ते गरीब देशांस फुकट देण्याची टूम निघाली होती. फुकट भुकटीचें दूध शहरांत मातीमोल विकलें जातें तर गांवच्या गवळ्याचें दूध नासलें असतें, हें कोणाहि व्यापाऱ्यास सांगावयास नको. आणंदच्या सहकारी दूधसंघाचा अनुभव पाठीशीं असलेल्या वर्गीस कुरियन यांनीं त्या भेटीस नकार दिला नाहीं. मात्र भुकटीची विक्री आपल्या हातीं ठेवली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथील दुग्धालयांतून ती अशा भावानें विकली कीं देशी दुधाचा भाव पडूं नये, आणि विक्रीचा पैसा नव्या सहकारी संघांच्या उभारणीस लावला. १९९८ पर्यंत भारत दूध-उत्पादनांत जगांत पहिला झाला. या योजनेवर टीकाकारांनीं कडक टीका केली आहे, आणि तिचा लाभ सर्वत्र सारखा पोंचला असें आम्हीहि म्हणत नाहीं. तरी एवढें निर्विवाद आहे कीं, फुकटाचा माल घेऊन देशी धंदा बुडाला असता, तो येथें त्याच मालानें उभा राहिला; कारण तराजू घेणाऱ्याच्या हातांत होता.

देवीच्या निर्मूलनाची हकीकतहि याच कोटींतली आहे. सोव्हिएट रशियानें लस पुरविली, स्वीडनसारख्या राष्ट्रांनीं पैसा दिला, जागतिक आरोग्य संघटनेनें मार्गदर्शन केलें; पण घरोघर जाऊन रोगी हुडकणारे व टोंचणारे हात आपल्याच आरोग्यसेवकांचे होते. १९७५ सालीं भारतांतील शेवटचा रोगी आढळला आणि १९७७ सालीं देश रोगमुक्त ठरला. येथें काम एकच होतें, नेमकें होतें, आणि तें झालें कीं नाहीं हें कोणासहि मोजतां येत होतें. असें साहाय्य बंद व्हावें असें म्हणणारा मनुष्य मानवजातीचा हितचिंतक नव्हे.

आतां देणाऱ्यांच्या खतावणीकडे वळूं. पुष्कळ वेळां देणगीचा पैसा देणाऱ्याच्याच घरीं परत जातो. साहाय्याचें धान्य निदान निम्मे तरी अमेरिकन निशाणाच्या जहाजांतूनच गेलें पाहिजे असा अमेरिकेचा कायदा. म्हणजे भुकेल्याच्या नांवें मंजूर झालेल्या पैशांतून जहाजवाल्यांस भाडें. ब्रिटननें मलेशियांतील पेरगाऊ धरणास २३४ दशलक्ष पौंडांचें साहाय्य दिलें, तेव्हां त्याच्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांनींच हा खर्च वायफळ असल्याचें बजावलें होतें. पण शस्त्रांच्या विक्रीचा मोठा सौदा त्याशीं निगडित झाला होता. १९९४ सालीं तेथील उच्च न्यायालयानें हें साहाय्य बेकायदेशीर ठरविलें, आणि २००२ च्या कायद्यानें ब्रिटननें आपलें साहाय्य आपल्याच मालाच्या खरेदीशीं बांधण्याची पद्धत मोडून काढली. एका संस्थेनें न्यायालयांत दाद मागितली, वृत्तपत्रांनीं प्रकरण लावून धरलें आणि पार्लमेंटानें जाब विचारला, म्हणून ही सुधारणा झाली, हें विसरतां कामा नये.

बांधील कर्जाचा नमुना आमच्या दाराशींच आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठीं जपाननें २०१५ सालीं जें कर्ज देऊं केलें त्याचें व्याज शेंकडा ०.१, मुदत ५० वर्षें, आणि पहिलीं १५ वर्षें परतफेड नाहीं. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें १,०८,००० कोटि रुपये खर्चापैकीं शेंकडा सुमारे ८१ भाग या कर्जांतून भागावयाचा होता. व्याजाचा दर पाहून कोणीहि याला जवळजवळ देणगीच म्हणेल. पण शहाणा व्यापारी दर पाहून थांबत नाहीं. माल कोणाकडूनच घ्यावा लागणार, त्याचा भाव ठरविणारा दुसरा कोणी आहे कीं नाहीं, आणि पन्नास वर्षें येनचा भाव रुपयाशीं कसा राहील, हे प्रश्न तो आधीं विचारतो. हा सौदा वाईटच आहे असें आमचें म्हणणें नाहीं. हे प्रश्न सौद्यापूर्वीं विधिमंडळांत व लोकांत पुरेशा मोकळेपणानें चर्चिले जावे, एवढेंच आम्ही म्हणतों.

एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें घेण्याचा प्रकार तर याहून मोठा आहे. २००३ सालीं जागतिक व्यापार संघटनेच्या कान्कून येथील परिषदेंत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेंतील चार गरीब देशांनीं गाऱ्हाणें मांडलें कीं, अमेरिका आपल्या कापूस पिकविणाऱ्यांस सरकारी तिजोरींतून पैसे देते, त्यामुळें जगांत कापसाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी बुडतो. याच देशांस अमेरिका साहाय्यहि देत होती! विदर्भ-खानदेशांतील कास्तकारास हें गाऱ्हाणें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जागतिक बँकेच्याच हिशेबाप्रमाणें २०२३ सालीं विकसनशील देशांनीं परकी कर्जाच्या फेडीपायीं सुमारे १,४०० अब्ज डॉलर बाहेर पाठविले. त्यांतील नुसतें व्याजच सुमारे ४०६ अब्ज होतें. दादाभाई नवरोजींनीं इंग्रज सरकारापुढें भिक्षेची झोळी पसरली नव्हती. या देशांतून संपत्तीचा जो ओघ बाहेर जातो तो थांबवा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. आजच्या गरीब देशांचें पहिलें मागणेंहि तेंच असावयास पाहिजे.

यावर कोणी विचारील कीं, मग परक्यांच्या साहाय्याशिवाय गरिबाचें भागावें कसें? याचें उत्तर महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांत अंशतः देऊन ठेवलें आहे. त्या वर्षीं परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं नाक मुरडीत खाल्ली; शाळांतून व कामांवर सुकडी वांटली गेली. तिनें प्राण राहिले, आणि दुष्काळ सरतांच ती आठवणींत जमा झाली. परंतु त्याच दुष्काळांत सुमारे पन्नास लक्ष माणसें सरकारी कामांवर राबत होतीं, आणि त्यांतून एक कायमची व्यवस्था उभी राहिली. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापुरास जो लहानसा प्रयोग करविला होता त्याची रोजगार हमी योजना झाली, आणि १९७७ सालीं विधिमंडळानें तिला कायद्याचें रूप दिलें. काम मागणाऱ्यास काम देणें सरकारास बंधनकारक झालें. त्याचा पैसा कोठून आला? १९७५ पासून शहरांतील पगारदार, वकील, डॉक्टर आणि व्यापारी यांच्यावर जो व्यवसाय कर बसला त्यांतून, आणि त्याच्या जोडीस सरकारनें घातलेल्या तितक्याच रकमेंतून. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा कर भरला आहे. कित्येकांनीं कुरकुरत भरला असेल. त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं त्यांच्या या करानें जें साधलें तें सातासमुद्रांपलीकडच्या धान्यानें साधलें नव्हतें. या योजनेंत हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, कामें अर्धवट पडलीं, शिलकी पैसा इतरत्र वळला, हे सर्व दोष खरे आहेत. पण ते उघडकीस आले. कारण पैसे देणारा आणि घेणारा एकाच विधिमंडळाचे मतदार होते, आणि जाब विचारावयास जागा होती. २००५ सालीं संसदेनें देशभर जो रोजगार हमीचा कायदा केला त्याची प्रेरणा येथीलच होती.

२०२५ च्या घडामोडींनीं याच गोष्टीची साक्ष दिली. अमेरिकेनें जानेवारींत एकाएकीं पैसा रोखला तेव्हां आफ्रिकेंत एड्सच्या रोग्यांचीं चिकित्सालयें ओस पडूं लागलीं. दक्षिण आफ्रिकेंतहि हजारों कामगार घरीं बसले व हाल झाले. पण त्या देशाच्या एड्सविरोधी खर्चांत अमेरिकेच्या त्या निधीचा वांटा सुमारे शेंकडा १७ होता आणि बहुतेक औषधें तो देश स्वतःच्या पैशानें घेत होता, म्हणून उपचाराचा कणा मोडला नाहीं. ज्यांनीं सर्वच भार परक्यांवर टाकला होता त्यांस हा आधार नव्हता. आफ्रिकेंतील राष्ट्रप्रमुखांनीं २००१ सालीं अबुजा येथें आपल्या अंदाजपत्रकाचा शेंकडा १५ भाग आरोग्यास देण्याचें वचन दिलें होतें. तें फारच थोड्यांनीं पाळलें. देणाऱ्याचा वचनभंग निंद्य आहेच. पण घेणाऱ्या सरकारांनीं आपल्याच प्रजेशीं केलेला वचनभंग त्याहून घातक ठरला.

येथवर आम्हीं दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आतां स्वतःची वही उघडणें प्राप्त आहे; कारण भारत हा आज देणाऱ्यांच्याहि पंक्तीस बसला आहे. २००४ च्या सुनामीच्या वेळीं आपण परकी सरकारांचें साहाय्य घेण्याचें नाकारलें आणि उलट शेजाऱ्यांस मदत पाठविली. १९६४ पासून आपण परदेशांतील विद्यार्थ्यांस व अधिकाऱ्यांस येथें बोलावून शिक्षण देत आलों आहों. देणगीचा हा प्रकार आम्हांस सर्वांत निर्मळ वाटतो. २०२२ सालीं श्रीलंका दिवाळखोरींत सांपडली तेव्हां सुमारे ४ अब्ज डॉलरांचा आधार दिला. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत एकट्या भूतानसाठीं २,१५० कोटि रुपये होते. आयात-निर्यात बँकेच्या द्वारें साठांहून अधिक देशांस दिलेल्या सवलतीच्या कर्जांची मंजुरी ३० अब्ज डॉलरांवर गेली आहे.

ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या कर्जांतून होणाऱ्या खरेदीचा शेंकडा ७५ भाग सामान्यतः भारतांतूनच घेतला पाहिजे, असा आपला नियम आहे! पेरगाऊच्या धरणावर आणि अमेरिकन जहाजांवर जें बोट आपण ठेवतों तें आपल्याकडेहि वळतें. भूतानमध्यें आपण बांधलेल्या चुखा वीजप्रकल्पाचा खर्च शेंकडा ६० देणगी आणि ४० कर्ज असा होता, व्याज ५ टक्के. तो १९८८ पर्यंत पुरा झाला, भूतानची तिजोरी भरली आणि आपल्यास वीज मिळाली. उभयतांचें हित साधणाऱ्या सहकार्याचा तो आदर्श आहे. पुढील प्रकल्पांत मात्र कर्जाचा भाग वाढला आणि व्याज १० टक्क्यांवर गेलें. पुनात्सांगछू नदीवरील पहिला प्रकल्प २००८ सालीं सुरू झाला, डोंगर खचल्यामुळें रखडला आणि पुढील पंधरा वर्षांतहि उभा राहिला नाहीं; त्याचा खर्च वाढत गेला आणि व्याजाचा काळ लांबत गेला. भूतानच्या परकी कर्जाचा मोठा भाग अशा वीजकर्जाचा आहे. धरण रखडण्यास एकटा भारतच जबाबदार आहे असें नाहीं. पण डोंगराची परीक्षा नीट झाली होती कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क भूतानच्या आणि भारताच्या करदात्यास सारखाच आहे.

आम्हांस ठाऊक आहे कीं या आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आपल्याच देशांत दारिद्र्य असतां परक्यांस देणें हाच वेडेपणा, मग अटी ढिल्या करणें तर दूरच. शेजार सुखी नसेल तर आपलेंहि घर सुरक्षित राहत नाहीं, हें त्याचें उत्तर श्रीलंकेच्या उदाहरणानेंच दिलें आहे. दुसरा आक्षेप असा कीं, चीन आपल्या कर्जाच्या अटी झांकून ठेवून हातपाय पसरीत असतां आपण भोळेपणानें सर्व कांहीं उघडें कां करावें? आमचें उत्तर असें कीं, पैशाच्या बळावर चीनशीं बरोबरी करणें आपल्यास शक्य नाहीं. परंतु ज्याचा व्यवहार स्वच्छ आणि खातें उघडें अशा सावकाराकडे गिऱ्हाईक टिकून राहतें, हें बाजारपेठेंत वाढलेल्या मनुष्यास पटवून देण्याची गरज नसावी.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यांत अशा. परदेशास दिलेल्या आणि परदेशांतून घेतलेल्या प्रत्येक मोठ्या कर्जाच्या अटी संसदेपुढें व लोकांपुढें छापून याव्या. आपल्या कर्जांतील शेंकडा ७५ खरेदीची अट टप्प्याटप्प्यानें कमी करावी, आणि गरीबांतल्या गरीब देशांच्या बाबतींत ती आधीं काढून टाकावी. काम पुरें झाल्यावर त्याचा उपयोग होतो कीं नाहीं याची तपासणी सरकारबाहेरच्या माणसांकडून व्हावी, आणि ज्या गांवांत तें काम झालें तेथील लोकांचें म्हणणें त्यांत नोंदलें जावें. माल पाठविण्यापेक्षां माणसें शिकविण्यावर अधिक खर्च व्हावा. आणि परकी साहाय्य घेतांना, तें किती वर्षांनीं थांबेल व त्यानंतर खर्च कोण सोसणार, हें करारांतच लिहिलेलें असावें.

यांतील दुसऱ्या सूचनेनें आमच्या कांहीं वाचकांचें नुकसान होईल याची आम्हांस जाणीव आहे. पंप, रुळ, विजेचीं तारें आणि यंत्रें पुरविणारे पुष्कळ कारखानदार व व्यापारी पुण्या-मुंबईंत आहेत, आणि या कर्जांमुळें त्यांस हमखास गिऱ्हाईक मिळतें. त्यांच्या व्यापारी मंडळांनींच ही अट काढण्याची मागणी करावी, असें आमचें त्यांस आग्रहाचें सांगणें आहे. ज्यांचा माल चांगला आहे त्यांस बांधलेल्या गिऱ्हाइकाची गरज नाहीं. आणि ज्यांचा चांगला नाहीं त्यांचा तो गरीब शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधून त्यास साहाय्य म्हणणें, ही गोष्ट ज्या देशानें पीएल-४८० चा गहूं खाल्ला आहे त्यास तरी शोभत नाहीं.